खेचरावरचं मढं

कडू विहिरीच्या टप्प्यावर, टपालगाडी घोडी बदलायची तिथे, माणूस मरण्याचं कुणाला अप्रूप नव्हतं. हिवाळ्यात गारठून मरत, उन्हाळ्यात तापाने मरत, दारू पिऊन घोड्यावरून पडत आणि मरत. अप्रूप असे ते मढ्यावर बक्षीस असलं तर. मग शेरीफचा माणूस धुळीतून दौडत येई, बायबल येई, आणि जिवंतपणी ज्याला कुणी पाणी विचारलं नाही त्याच्याभोवती माणसं टोप्या काढून उभी राहत.

टप्पा चालवणाऱ्या थर्झा प्रुइटने हे दुसऱ्यांच्या दारात पाहिलं होतं. त्या ऑगस्टात ते तिच्या दारात आलं.

दुपारची टपालगाडी घोडी बदलून नुकतीच गेली होती. थर्झा पावांचं पीठ मळत होती. ओबेड दारात येऊन उभा राहिला. ओबेड म्हणजे तबेल्याचा म्हातारा; एक कान हिमाने झडलेला, जीभ मात्र शाबूत.

"गॅडिस येतोय," तो म्हणाला. "मागे खेचर आहे."

"रिकामं?"

"रिकामं खेचर घेऊन तो कधी फिरलाय?"

थर्झाने हात पिठातच ठेवले.

लेम्युएल गॅडिस बक्षिसावर माणसं आणायचा. आणायचा म्हणजे मढीच आणायचा. पत्रकावर 'जिवंत किंवा मेलेला' असं छापलेलं असे, आणि जिवंत माणसाला वाटेत खायला घालावं लागतं. दिसायला पाद्री. दाढी गुळगुळीत, कॉलर स्वच्छ, तोंडात शिवी नाही. बाईमाणूस दिसलं की टोपी काढणार. शिव्या देणाऱ्यापेक्षा असल्या माणसाला भ्यावं, पण हे लोकांना नेहमी उशिरा कळतं.

थर्झाचा धाकटा भाऊ ओरिन याच्या नावाचं पत्रक तालुक्यात प्रत्येक खांबावर लागलेलं होतं. काय केलं होतं ओरिनने? घोडी धरली होती. गुरांच्या कंपनीचा पगार नेणारा माणूस नाल्यात अडवला तिघांनी, गोळी घातली त्यातल्या एकाने, आणि ओरिन मागे झुडपात चौघांची घोडी धरून उभा होता. ते तिघे सापडले, लटकले. उरला ओरिन. कंपनीने त्याच्या डोक्यावर लावलेला आकडा ओरिनने जन्मभर तिची गुरं वळली असती तरी त्याच्या हाती पडला नसता. राबणाऱ्या ओरिनला कंपनीने कधी बूट घेण्याइतकं दिलं नाही. मेलेल्या ओरिनला मात्र भाव चांगला होता.

अंगणात खेचर थांबलं. त्याच्या पाठीवर ताडपत्रीची वळकटी आडवी बांधलेली, मढं टिकावं म्हणून भरलेलं मीठ सांडत होतं. सोबत शेरीफचा डेप्युटी टॅन्सी होता. गरगरीत माणूस, नाकाला रुमाल लावलेला, तालुक्याच्या गावाहून नुकताच नेमलेला. ओरिनला त्याने जन्मात पाहिलं नव्हतं. गॅडिसनेही नव्हतं. कुणाकडे तसबीर होती? पत्रकात लिहिलेलं एवढंच: उंच, तांबूस केस, उजव्या हाताला अंगठा नाही.

आता अंगठ्याचं म्हणाल तर गुराखी मुलखात हे वर्णन म्हणजे काहीच नव्हे. बैल फासात सापडला की दोरी खोगिराच्या खुंट्याला गुंडाळायची असते, आणि गुंडाळताना अंगठा मध्ये राहिला की गेला. त्या भागात दहाही बोटं असलेला गुराखी दिसला की लोक म्हणत, हा नवा दिसतो.

म्हणून रिवाज असा होता: मढं रक्ताच्या माणसाला दाखवायचं. त्याने बायबलवर हात ठेवून 'आमचाच' म्हणायचं, दुसऱ्या कुणी ओळखीच्याने दुजोरा द्यायचा. मग बक्षीस मिळे आणि त्या नावाची सगळी पत्रकं फाडून टाकत.

"बाई, वाईट वाटतं," टॅन्सी रुमालातून बोलला. "पण एकदा बघावं लागेल."

गॅडिसने टोपी काढली आणि दोरी सोडली.

थर्झाने पाहिलं. पोटातलं पाणी सुद्धा हललं नाही तिचं, कारण तो ओरिन नव्हताच. मग तिने नीट पाहिलं आणि मात्र तिला खांब धरावा लागला.

तो जुबल होता. जुबल थार्प, नेब्रास्काचा, उंच, तांबूस केसांचा. मेंढ्या कातरायच्या कामावर पायी चालला होता, मागल्या आठवड्यात तिच्या टेबलाशी बसून गेला. घेवडा खाल्ला, पाव खाल्ले, म्हणाला, "आमच्या आईचे पाव म्हणजे दगड असतात बाई, पण तिला सांगू नका." थर्झाच्या कॉफीच्या जात्याची मूठ निखळली होती. कुणी न सांगता त्याने ती हातात घेतली, कच्चं कातडं भिजवून तिच्यावर आवळून बसवलं. दोन्ही अंगठे पांढरे पडेस्तोवर दाबत होता. दोन्ही.

आता उजवा अंगठा नव्हता. कापलेली जागा स्वच्छ होती, सूज नाही, रक्ताची खपली नाही. थर्झाने डुकरं कापली होती. मेल्यावर कापलेलं मांस कसं दिसतं ते तिला कुणी शिकवायला नको होतं.

तिने मान वर केली. गॅडिस तिच्याकडेच बघत होता. गिऱ्हाईक कापड चाचपत असताना दुकानदार उभा राहतो तसा, निवांत.

"सावकाश, बाई," तो म्हणाला. "उन्हाने माणसाचा चेहरा बदलतो."

तिला सगळं एकदम दिसलं. 'नाही' म्हटलं तर हा टोपी घालेल आणि पुन्हा ओरिनच्या मागे निघेल. ओरिन हाडक्या डोंगरामागे मेंढ्यांच्या तळावर लपलेला, आणि हा कधी ना कधी तिथे पोचणारच. 'हो' म्हटलं तर ओरिन मेला. मेला म्हणजे सुटला. समोरचा पोरगा तर दोन्हीकडून मेलेलाच होता. नेब्रास्कातल्या एका म्हातारीने वाट बघायची, एवढंच. वाट काय, बायका बघतातच.

"हा माझा भाऊ," थर्झा म्हणाली. बायबलवर ठेवलेल्या हाताचं पीठ त्याच्या काळ्या पुठ्ठ्याला लागलं.

"आणि तुम्ही, म्हातारबा?" टॅन्सीने विचारलं.

ओबेडने जुबलला घोड्यांचं पाणी भरताना मदतीला घेतलं होतं. त्याने थर्झाकडे पाहिलं. "ती म्हणते तर तोच."

"तसं चालत नाही. हो का नाही?"

"हो," ओबेड म्हणाला आणि लांब जाऊन थुंकला.

टॅन्सी सावलीत कागद करायला बसला. गॅडिस खेचराला पाणी पाजायला विहिरीवर गेला. थर्झा त्याच्या मागे गेली.

"तुम्हाला माहीत होतं," ती हळू म्हणाली.

"मला काय माहीत असणार? ओळख तुम्ही पटवलीत."

"मी नाही म्हटलं असतं तर?"

गॅडिसने बादली खेचराच्या तोंडाशी धरली. "घरचे नाही म्हणत नाहीत, बाई. मी बरीच वर्षं हिंडतोय. पत्रकावरचा माणूस सावध असतो, बंदूक उशाला घेऊन झोपतो. त्याच्यामागे कशाला जीव घालवायचा? शेकोटीशी बेसावध झोपलेले फाटके कितीतरी असतात. आणि कुणाच्याही दारात न्या, आई असो, बायको असो, हो म्हणते. मनापासून म्हणते. रडते सुद्धा. तुम्ही नाही रडलात, तेवढं जरा खटकलं."

त्याने टोपी घातली.

जुबलला तबेल्यामागच्या उंचवट्यावर पुरलं. ओबेडने फळीवर ओरिनचं नाव कोरलं.

"बायबलवर खोटं बोलायला लावलंस ते बोललो," तो म्हणाला. "आता लाकडावरही बोलतोय. दगडावर लावू नकोस बाई, माझे हात दुखतात."

रोज सकाळी थर्झा कॉफी दळायची, आणि कातडं लावलेली मूठ हातात घट्ट बसायची. फार चांगलं काम केलं होतं पोराने.

पत्रकं उतरली तसा ओरिन आला. भर दिवसा, शीळ घालत. तो आधी उंचवट्यावर गेला, फळी वाचली, आणि हसत हसत स्वयंपाकघरात शिरला.

"थर्झे, मला एवढीशी फळी? जरा रुंद तरी लावायचीस."

तिने त्याला कवटाळलं आणि मग थोबाडीत मारली. मग जुबलचं सांगितलं. ओरिन टेबलाच्या फटीतला चुरा नखाने काढत राहिला.

"मी नाही मारलं त्याला," तो म्हणाला.

"मीही नाही."

"मग झालं तर."

झालं होतं का? थर्झाने स्वतःला तेच बजावलं. टप्पा चालवायचा तिचा करार वसंतापर्यंत होता, आणि खिंड बर्फाने बंद व्हायला आली होती. बर्फ वितळलं की दोघांनी ऑरेगॉनला निघायचं. तिकडे पाऊस पडतो, गवत हिरवं असतं, आणि प्रुइट कोण हे कुणाला ठाऊक नसतं. तोवर ओरिनने मेंढ्यांच्या तळावर राहायचं, रविवारी जेवायला यायचं. थर्झाने ट्रंक काढून पुसून ठेवली. तिच्या आयुष्यात पुढचा विचार करण्यासारखं काही पहिल्यांदाच आलं होतं, आणि ते तिने एका परक्या पोराच्या मढ्यावर पाय ठेवून काढलं होतं. पण ती खूश होती. खोटं कशाला सांगा, ती खूश होती.

असाच एक रविवार. बाहेर भुरभुर बर्फ. ओरिन टेबलाशी बसून घेवडा ओरपत होता, ओबेड चुलीशी पाय शेकत होता, आणि दार उघडून गॅडिस आत आला. टोपी काढली, बर्फ उंबऱ्याबाहेर झटकलं.

"बसू का?"

ओरिनचा हात पिस्तुलाकडे गेला. मग तो हसायला लागला आणि हात परत चमच्यावर आला.

"बसा की. टप्पा सगळ्यांचा आहे."

थर्झाने ताट मांडलं. टपालगाडीच्या टप्प्यावर आलेल्याला वाढावंच लागतं. सैतान आला तरी पैसे घेऊन वाढावं लागतं. गॅडिस डोळे मिटून देवाचे आभार पुटपुटला आणि खायला लागला.

"मला ओळखलंत का?" ओरिनने विचारलं.

"नाही बुवा. ओळखायला हवं होतं?"

"बाहेर फळीवर नाव आहे माझं."

"ओरिन, गप खा," थर्झा म्हणाली.

"का गप? मी आता कुणाच्या बापाला भितो? साहेबांनी मला मारलं, पैसे मोजून घेतले, मामला मिटला." तो गॅडिसकडे वळला. "आता परत मारता येतं का हो? एका मोसमात त्याच मेंढीची लोकर दोनदा निघत नाही."

"खरं आहे," गॅडिस म्हणाला. "ओरिन प्रुइटला आता या मुलखात कुणीच हात लावू शकत नाही. मी तर नाहीच."

"ऐक थर्झे, साहेब काय म्हणतात."

"मग तुम्हाला हाक काय मारायची?" गॅडिसने विचारलं. "नाव काय लावता हल्ली?"

"नाव नाही मला. कुणीच नाही मी."

गॅडिस चावता चावता थांबला. घोडा विकत घेणारा बघतो तसं त्याने ओरिनला पाहिलं. उंची, खांदे, तांबूस केस.

"कुणीच नाही," तो म्हणाला. "बरं असतं ते."

मग थर्झाकडे वळून, "पाव उत्तम झालेत, बाई."

तो गेल्यावर ओबेडने चुलीत थुंकलं. "पोरा, कोल्ह्याला कोंबडीने सांगू नये की मला धनी नाही."

"तू म्हातारा झालास."

"झालो. कसा झालो ते विचार की."

थर्झाने त्याला त्याच दिवशी निघायला सांगितलं. ओरिन म्हणाला, खिंड बंद आहे, घोड्याचे पाय मोडतील. म्हणाला, वसंतात जाऊच की. म्हणाला, तू उगीच भितेस, त्याला माझ्यात आता काय मिळणार. थर्झालाही या प्रश्नाचं उत्तर सुचलं नाही. एका मढ्याला दुसऱ्याचं नाव देऊन बसलेल्या बाईला हे सुचू नये? पण माणूस आपलं पाप एकदाच घडणार असं धरून चालतो.

बर्फ वितळलं, वाट चिखलाची झाली. ओरिन रविवारी आला नाही. चिखल असेल म्हणून तिने मनाची समजूत घातली आणि ट्रंकेत कपडे भरले. पुढचा रविवार यायच्या आत खेचर आलं.

गॅडिसला त्या वाटेने यायचं काही भय नव्हतं. त्या सगळ्या खाऱ्या माळावर पाणी या एका विहिरीला, आणि जिने पुस्तकावर हात ठेवून भाऊ पुरलाय ती तोंड कशाच्या जोरावर उघडणार, हा त्याचा हिशोब.

"थांबायचं नाही फार," डेप्युटी टॅन्सी घोड्यावरूनच म्हणाला. "पुढे केडलबाईकडे जायचंय. तिचा पोरगा वायली सापडला. बँकेचं प्रकरण. उंच, तांबूस केस, डाव्या गालावर भाजल्याचा डाग."

ताडपत्रीतून एक हात बाहेर लोंबत होता. अंगठा नव्हता त्याला. पण ही जागा जुनी होती, भरून आलेली, आणि तिच्यावरची वाकडी शिवण थर्झाने स्वतः घातली होती, ओरिन ओरडत असताना, घोड्याच्या केसाने. तिने ताडपत्री बाजूला केली. कुणी अडवलं नाही. डाव्या गालावर तापल्या सळीचा चरका होता. फोड आलेला नव्हता. मेलेल्या कातडीला फोड येत नाही.

"हा ओरिन आहे," ती म्हणाली.

टॅन्सीने गॅडिसकडे पाहिलं. गॅडिस बादली भरत होता.

"बाई, तुमचा ओरिन तिथे वर आहे," टॅन्सी म्हणाला. "तुम्हीच सांगितलंत."

"मी खोटं बोलले. तो नेब्रास्काचा पोरगा होता. मला न्या, तुरुंगात घाला, खोट्या शपथेला असेल ती शिक्षा द्या. पण हा माझा भाऊ आहे."

"ती खरं बोलतेय," ओबेड तबेल्याच्या दारातून म्हणाला. "मीही खोटं बोललो होतो."

"मग आता खरं बोलताय कशावरून? तुमच्या तोंडाला इथपर्यंत दारूचा वास येतोय."

"खणून काढा त्याला," थर्झा म्हणाली. "बघा."

"काय दिसेल? अंगठा नसलेली हाडं. पत्रकात तेच लिहिलेलं होतं." टॅन्सी घोड्यावरून वाकला, आवाज उतरवला. तो काही दुष्ट माणूस नव्हता. मुलूख असल्याच माणसांवर चालतो. "बाई, त्या कागदावर माझी सही आहे. कंपनीने पैसे दिलेत, तालुक्याने बंद केलंय. उद्या मी जाऊन सांगू की आम्ही भलताच माणूस पुरला? माझी नोकरी जाईल, तुम्ही तुरुंगात जाल, आणि याच्यात जीव येणार नाही. भावाच्या दुःखाने तुम्हाला प्रत्येकात तो दिसतोय. होतं असं."

थर्झाने बंदूक आणायचा विचार केला. गॅडिसने तो तिच्या तोंडावर वाचला असावा. तो बादली ठेवून सरळ उभा राहिला, हात पट्ट्याजवळ, चेहऱ्यावर तीच सभ्यता. आत्ता हिने काही केलं तर आपल्याला बक्षीस नसलेलं एक मढं फुकट पाडावं लागेल, एवढंच त्याला वाईट वाटणार होतं.

तिने तबेल्यातून घोडा काढला.

"कुठे?" ओबेडने विचारलं.

"त्या केडलबाईकडे. ती नाही म्हणाली तर?"

ओबेडने खोगीर आवळून दिलं, पण तिच्याकडे पाहिलं नाही.

गॅडिसने तिला अडवलं नाही. "येऊ द्या," तो टॅन्सीला म्हणाला. "वाट सगळ्यांची आहे." वाटभर तिने घोडा खेचराच्या शेजारून चालवला. लोंबणारा हात तिने ताडपत्रीत सारला. तो परत बाहेर आला. तिने परत सारला.

अल्मायरा केडलचं घर म्हणजे मातीच्या ढेपांची खोली, छपरावर गवत उगवलेलं, दारात कोंबड्या. म्हातारी बाहेर आली. लहानखुरी, तोंडात चिलीम. खेचर पाहून तिने चिलीम काढली आणि पदराखाली धरावी तशी एप्रनच्या खिशात टाकली, पेटती.

गॅडिसने टोपी काढली. दोरी सोडली.

म्हातारीने पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर जे आलं आणि लगेच पुसलं गेलं ते थर्झाला पुरतं माहीत होतं. पिठाच्या हातांनी खांब धरण्याआधीचा तो क्षण. सुटकेचा.

"मावशी," थर्झा पुढे झाली. "हा तुमचा वायली नाही. हा माझा भाऊ आहे. ओरिन. नाही म्हणा. याला आजवर कुणी नाही म्हटलेलं नाही, त्यावरच याचा धंदा चालतो. एकदा कुणीतरी म्हणा."

टॅन्सी वास चुकवायला वाऱ्याच्या वरच्या बाजूला गेला होता. गॅडिस खेचराच्या मानेवर थोपटत होता, जणू हे बोलणं हवामानाबद्दल चाललंय.

म्हातारी थर्झाकडे बघत राहिली. "तू म्हणालीस?"

थर्झाने नजर दारातल्या कोंबड्यांकडे वळवली.

"तुला आणला होता ना याने कुणीतरी? तू तेव्हा 'नाही' म्हणालीस?"

"तुमच्या वायलीलाही हा असाच गाठेल. नाव गेलं की माणूस कुणाचाच राहत नाही. मग त्याला दुसऱ्याच्या दारात नेतात. हा बघा, हा नेला."

"माहीत आहे."

"मग?"

"तोवर जगेल," म्हातारी म्हणाली. मग पुढचं तिने फार हळू सांगितलं, पण त्यात कुठे कचरली नाही. "तुझा मेलाय, पोरी. माझा अजून आहे."

ती टॅन्सीकडे चालत गेली. बायबलवर हात ठेवला. "हा माझा मुलगा, वायली," म्हणाली आणि रडली. गॅडिस म्हणाला होता तसंच. मनापासून. खोट्या मढ्यावर खरं रडू कसं येतं हे थर्झाला कळलं नाही. आपल्याला त्या वेळी का आलं नाही हेही कळलं नाही.

दुजोरा द्यायला दुसरं माणूस नव्हतं. टॅन्सीने इकडेतिकडे पाहिलं, थर्झाकडे पाहून नजर वळवली, आणि आपलंच नाव लिहिलं. कागद झाला.

दोघे घोड्यांवर बसले. रिकामं खेचर हलकं झाल्याने उड्या मारत गेलं.

म्हातारीने डोळे पुसले, खिशातली चिलीम काढली. एप्रनला भोक पडलं होतं. "पाणी तापत ठेवते," ती म्हणाली. "धुवायला दोघी लागतील. ये."

थर्झाला तिचा गळा धरावासा वाटत होता. तिने ओरिनचे बूट काढले. दोघींनी त्याला मिठातून बाहेर काढलं, टेबलावर घेतलं, धुतलं. म्हातारीचे हात सवयीचे होते. गालावरच्या चरक्याशी पोचली तेव्हा तिने फडकं नुसतं टेकवलं.

"नाव काय म्हणालीस?"

"ओरिन."

"पाटीवर वायली लिहावं लागेल."

"लिहा."

"जमिनीत घालताना ओरिन म्हणेन. तेवढं म्हणता येईल. ऐकायला कुणी नसतं इथे."

थर्झाने मान हलवली. तेवढं घेऊन ती निघाली. दुसरं काही घेण्यासारखं नव्हतं.

टप्प्यावर आल्यावर ती घोड्यावरून उतरली, स्वयंपाकघरात डोकावली आणि सरळ उंचवट्यावर गेली. हातात पीठ कापायची सुरी होती. ओबेड मागून धापा टाकत आला.

"खरवडतेस?"

ती फळीसमोर उकिडवी बसली होती. हे नाव खरवडलं तर जुबलला त्याची जागा मिळाली असती. नेब्रास्काच्या त्या बाईच्या मुलाला निदान नाव मिळालं असतं. आणि मग ओरिनचं नाव जगाच्या पाठीवर कुठेच राहिलं नसतं. ना पत्रकावर, ना पाटीवर. नाही खरवडलं तर ते राहणार होतं, दुसऱ्याच्या हाडांवर.

तिने सुरीचं टोक पहिल्या अक्षरात घातलं. बराच वेळ तसंच धरलं.

"मी कोरतो हवं तर," ओबेड म्हणाला. "खाली. लहान अक्षरात. दुसरं नाव."

"दुसरं नाव कोरलंस तर विचारायला येतील. आल्यावर काय सांगशील?"

तिने सुरी काढून घेतली आणि एप्रनला पुसली. फळीवर एक ओरखडा राहिला, एवढंच. ओरिन जिवंत होता तेव्हाही त्याच्या नावावर ओरखडेच होते.

खाली माळावर धूळ दिसत होती. टपालगाडी वेळेआधी येत होती.

"घोडी काढ," थर्झा म्हणाली, आणि कॉफी दळायला आत गेली.